देशाचे परकीय कर्ज आणि आपला धंदा : सन १९९१ चा सबक

वर्तमानपत्रांत दर तीन महिन्यांनी एक बातमी येते. चालू खात्यावरील तूट वाढली, किंवा घटली. आपले बहुसंख्य व्यापारी व कारीगर बंधू ही बातमी पाहतात आणि पान उलटतात. हा दिल्लीतील मंत्र्यांचा आणि रिझर्व्ह बँकेचा मामला आहे, आपल्या मागाशी किंवा दुकानाशी त्याचा काय संबंध, असे त्यांना वाटते. आम्हांला हे मान्य नाही. सुताचा भाव, रंग-रसायनांचा भाव, डिझेलचा भाव, बँकेचा व्याजदर आणि आखातातून येणाऱ्या पैशाची रुपयांतील किंमत या पाचही गोष्टी त्या एका हिशेबाला बांधलेल्या आहेत. हिशेब बिघडला की त्याचा फटका आधी लहान माणसाला बसतो.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. सन १९९१ साली आपल्या देशाने हे प्रत्यक्ष भोगले आहे. आज दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या तरुण पिढीने ते दिवस पाहिलेले नाहीत. तेव्हा त्या वर्षाचा हिशेब आपण व्यापाऱ्याच्या नजरेने मांडून पाहू.

चालू खाते म्हणजे काय?

देशाच्या चालू खात्यात चार कप्पे असतात. पहिला मालाचा : आपण परदेशी विकलेला माल आणि परदेशातून घेतलेला माल. दुसरा सेवांचा : जहाजभाडे, प्रवास, विमा, आणि अलीकडे संगणकाचे काम. तिसरा व्याज व नफ्याचा : परदेशी कर्जावर आपण देतो ते व्याज आणि परदेशी कंपन्या नेतात तो नफा. चौथा कप्पा परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशाचा. चारही कप्प्यांची जमा आणि खर्च यांची बेरीज-वजाबाकी केल्यावर खर्च जास्त निघाला, तर त्याला चालू खात्यावरील तूट म्हणतात.

एखाद्या विणकराच्या घराचे उदाहरण घ्या. तो कापड विकतो, सूत विकत घेतो. फावल्या वेळी दुसऱ्याचे माग दुरुस्त करून चार पैसे मिळवतो. जुन्या कर्जाचे व्याज भरतो. मुलगा रियाधहून पैसे पाठवतो. एवढे सगळे धरूनही महिनाअखेर हात आखडला, तर ती रक्कम कोठून तरी आणावीच लागते. एक तर घरातील शिल्लक मोडायची किंवा नवे कर्ज काढायचे. देशाचेही हेच आहे. तूट भरून काढायला बाहेरचे भांडवल येते, कर्ज मिळते किंवा परकीय चलनाची गंगाजळी खर्ची पडते. चौथा मार्ग नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तूट म्हणजे नेहमीच तबाही नव्हे. विणकराने नवा माग घेण्यासाठी पाच वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढले, तर त्या मागावरच्या कापडातून हप्ता फिटतो. हेच कर्ज त्याने तीन महिन्यांच्या मुदतीवर उचलले आणि लग्नकार्यात खर्च केले, तर चौथ्या महिन्यात सावकार दारात उभा राहतो. रक्कम तीच, परिणाम मात्र वेगळे. म्हणून कोणत्याही कर्जाविषयी तीन सवाल विचारावेत : ते कशासाठी घेतले, किती मुदतीचे आहे आणि कोणत्या चलनात फेडायचे आहे?

सन १९९०-९१ चा जमाखर्च

आता हे सवाल १९९०-९१ च्या हिशेबाला लावून पाहू. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ध्यानात असू द्यावे.) त्या वर्षी देशाने सुमारे १८.५ अब्ज डॉलरचा माल बाहेर विकला आणि सुमारे २७.९ अब्ज डॉलरचा माल घेतला. मालाच्या कप्प्यात ९.४ अब्जांची तूट पडली. आयातीत एकट्या खनिज तेलाचे व तेलाच्या पदार्थांचे बिल ६ अब्जांचे होते. आदल्या वर्षी तेच पावणेचार अब्जांच्या आसपास होते.

उरलेल्या कप्प्यांत काय झाले? सेवांतून सुमारे १ अब्ज शिल्लक राहिले. परदेशातील आपल्या लोकांनी सुमारे २ अब्ज पाठवले. परदेशी सरकारांकडून मदतीचे सुमारे अर्धा अब्ज आले. मिळून साडेतीन अब्ज झाले. आणि व्याज व नफ्याच्या कप्प्यातून बाहेर गेले सुमारे पावणेचार अब्ज. म्हणजे जमा झाले त्याहून थोडे जास्तच निघून गेले. शेवटी चालू खात्यावरील तूट ९.७ अब्ज डॉलर, देशाच्या एकूण उत्पादनाच्या सुमारे ३ टक्के झाली.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. कोकणातून आणि केरळातून गेलेल्या माणसांनी आखाताच्या उन्हात इमारती उभ्या केल्या, मोटारी चालवल्या, दुकानांत मालाची चढउतार केली आणि पोट मारून पैसा घरी पाठवला. देशाच्या हिशेबात तो सगळा पैसा, आणि वर सेवांची कमाई, जुन्या कर्जाच्या व्याजात व नफ्यात वाहून गेली. ज्या डॉलरमधून यंत्रे आणि कच्चा माल यायचा, तो व्याजापायी परत गेला. कर्ज घेतले जाते त्या वर्षी ते चालू खात्यात दिसत नाही. पुढे वर्षानुवर्षे व्याजाच्या रूपाने मात्र ते याच खात्यात परत येते आणि नवी तूट निर्माण करते.

कर्ज कशाचे होते?

१९८० च्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नाहून फार वेगाने वाढला. १९९०-९१ पर्यंत केंद्र सरकारची तूट देशाच्या एकूण उत्पादनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचली. पूर्वी परदेशी कर्ज बहुतेक करून जागतिक बँकेकडून आणि परदेशी सरकारांकडून, लांब मुदतीने व हलक्या व्याजाने येत असे. त्या दशकात ते पुरेनासे झाले. मग परदेशी व्यापारी बँकांकडून बाजारभावाने कर्जे उचलली गेली. अनिवासी भारतीयांच्या डॉलरमधील ठेवी वाढीव व्याज देऊन गोळा केल्या गेल्या. काही कर्ज तर वर्षाच्या आतच फेडायचे होते.

मार्च १९९१ अखेर देशाचे परकीय कर्ज ८३.८ अब्ज डॉलर होते. पण खरा धोका या मोठ्या आकड्यात नव्हता. धोका दोन लहान आकड्यांत होता. पहिला असा की चालू खात्यावर जमा होणाऱ्या दर शंभर डॉलरमधील ३५ डॉलर मुद्दल व व्याजाच्या हप्त्यांत जात होते. दुसरा असा की वर्षाच्या आत फेडायचे कर्ज ८.५ अब्ज होते, तर सोने धरून देशाचा साठा होता ५.८ अब्ज. गल्ल्यात अठ्ठावन्न रुपये आणि तातडीचे देणे पंच्याऐंशी, अशी ही अवस्था. असा व्यापारी बाजारात टिकतो तो केवळ लोकांच्या विश्वासावर. विश्वास गेला की एका आठवड्यात पेढी बंद.

विश्वास कसा गेला?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. तेलाचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या आसपास गेले. कुवेत आणि इराकमधील आपली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी परतली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. जो पैसा घरी येत होता तो थांबला, आणि कमावता माणूस बेकार होऊन दारात आला. त्याच सुमारास सोव्हिएत संघाशी चालणारा रुपयांतील व्यापारही कोसळू लागला. देशात दोन सरकारे वर्षभरात गेली.

परदेशी बँकांनी हे पाहिले आणि हात आखडता घेतला. पतमापन संस्थांनी भारताचा दर्जा खाली आणला. लहान मुदतीचे कर्ज फिरवून मिळेनासे झाले. अनिवासी भारतीयांनीही ठेवी काढायला सुरुवात केली. एप्रिल ते जून १९९१ या तीन महिन्यांतच अशा सुमारे ९५ कोटी डॉलर ठेवी बाहेर गेल्या. जुलै १९९१ मध्ये देशाजवळचे परकीय चलन १ अब्ज डॉलरच्याही खाली गेले. दोन आठवड्यांच्या आयातीपुरतेही ते धड नव्हते.

मे १९९१ मध्ये सरकारने तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत घेण्याच्या शर्तीवर, स्वित्झर्लंडच्या बँकेला विकून सुमारे २० कोटी डॉलर उभे केले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या तिजोरीतील सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला पाठवले. ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. आदल्या वर्षीच्या आयातीच्या हिशेबाने ही रक्कम जेमतेम पाच दिवसांची होती. घरातील दागिना गहाण पडावा आणि त्यातून पाच दिवसांचा शिधा यावा, असा तो प्रसंग. देशाने एकही हप्ता बुडवला नाही आणि हे सोने त्याच वर्षी कर्ज फेडून गहाणातून मोकळेही केले, ही त्यातील इज्जतीची बाजू होय.

किंमत कोणी मोजली?

परकीय चलन वाचवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने आयातीवर रोख अनामतीची अट घातली. ऑक्टोबर १९९० मध्ये ती ५० टक्के होती. एप्रिल १९९१ पर्यंत ती २०० टक्के झाली. म्हणजे एक लाखाचा माल आणायचा, तर बँकेत दोन लाख रोख अडकवून ठेवायचे. मोठ्या गिरणीला हे कसेबसे झेपले असेल. रंग, रसायने किंवा यंत्राचे सुटे भाग लागणाऱ्या लहान उद्योगाला ते कसे झेपावे? त्याने माल आणलाच नाही, किंवा दुसऱ्याकडून चढ्या भावाने घेतला.

मग १ व ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे सुमारे १८-१९ टक्के अवमूल्यन झाले. सुमारे २१ रुपयांना मिळणारा डॉलर जुलैअखेर २६ रुपयांच्या घरात गेला. एक हजार डॉलरचे देणे ज्याच्या अंगावर होते, त्याचे २१ हजारांचे देणे एका महिन्यात २६ हजारांचे झाले. त्याने एक गजही जास्त माल घेतलेला नव्हता. डॉलरमधील कर्जाचा धोका हाच. कर्ज तेवढेच राहते आणि आपल्या चलनात ते फुगते.

अवमूल्यनाने निर्यातदाराला फायदा होतो, हे खरे. पण एकाच धंद्यात सर्वांना तो होतो असे मुळीच नाही. सूत परदेशी विकणाऱ्या गिरणीला डॉलरमागे जास्त रुपये मिळू लागले, आणि तेच सूत विकत घेऊन येथल्या बाजारासाठी कापड विणणाऱ्या माणसाला ते महाग पडू लागले. कापडाचा भाव त्या मानाने वाढेना, कारण गिऱ्हाइकाच्या खिशालाही महागाईने कात्री लागली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक भाववाढ १६ टक्क्यांच्या वर गेली. त्या वर्षाच्या अखेरीस आंध्र प्रदेशातून हातमाग विणकरांच्या उपासमारीने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. महागलेले सूत हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. त्या विणकरांनी परदेशी बँकेचा एक पैसाही घेतलेला नव्हता. तरीही कर्जाची किंमत त्यांनीच सर्वांत महाग मोजली. ही बातमी वाचून पान उलटू नये, असे आम्ही का म्हणतो, ते यावरून ध्यानात यावे.

नंतर काय बदलले?

जून १९९१ मध्ये श्री. पी. व्ही. नरसिंह राव यांचे सरकार आले आणि २४ जुलै रोजी अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेण्यात आले. परवाना पद्धत आणि आयातीवरील बंधने हळूहळू सैल झाली. या धोरणांचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. आपल्या विषयापुरते सांगायचे तर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९९३ मध्ये तीन गोष्टींवर भर दिला : तूट उत्पादनाच्या १.६ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, लहान मुदतीचे कर्ज व्यापाराच्या गरजेपुरतेच घ्यावे आणि कर्जापेक्षा धंद्यात येणाऱ्या भांडवलावर भिस्त ठेवावी. जी डॉलर ठेव योजना सरकारी तिजोरीला जड गेली होती, ती १९९४ मध्ये बंद झाली.

मार्च १९९३ पासून डॉलरचा दर बाजारावर सोपवण्यात आला. त्याचा एक परिणाम आपल्या लोकांशी थेट जोडलेला आहे. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत मोठा फरक असला की आखातातील माणूस बँकेऐवजी हवालाचा रस्ता धरतो. फरक मिटला तसा पैसा बँकेच्या रस्त्याने येऊ लागला. १९९०-९१ मध्ये २ अब्ज असलेली ही रक्कम १९९६-९७ मध्ये १२ अब्जांच्या वर गेली. २०२३ मध्ये तर ती ११५ अब्ज डॉलरहून अधिक होती, आणि जगात कोणत्याही देशाला याहून जास्त पैसा आपल्या माणसांकडून आला नाही.

सन २०१२-१३ मध्ये तूट पुन्हा वाढली. ती ८८ अब्ज डॉलर, म्हणजे ४.८ टक्के झाली. टक्केवारीत ती १९९१ पेक्षाही मोठी होती. तेलाबरोबर त्यात सोन्याच्या आयातीचा मोठा वाटा होता. त्या वर्षी देशाने सुमारे ५४ अब्ज डॉलरचे सोने आणले. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला. पण या वेळी सोने गहाण टाकावे लागले नाही. साठा अडीचशे अब्ज डॉलरहून अधिक होता. रुपया घसरला, महागाई झाली, तरी पेढी बंद पडण्याची वेळ आली नाही. तूट मोठी असूनही शिल्लक भक्कम असली तर घर सावरते, हे यावरून दिसते.

मार्च २०२४ अखेर देशाचे परकीय कर्ज ६६४ अब्ज डॉलरच्या आसपास होते. १९९१ च्या जवळजवळ आठपट! पण नुसता आकडा पाहून घाबरू नये. उत्पादनाच्या मानाने १९९१ मध्ये ते सुमारे २९ टक्के होते, २०२४ मध्ये १९ टक्क्यांच्या आत आले. हप्त्यांत जाणारा पैसा दर शंभर डॉलरमागे ३५ वरून ७ च्या आत आला. शिवाय या कर्जाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रुपयांत फेडायचा होता. रुपया घसरला तरी तेवढा भाग फुगत नाही.

शेजारचा दाखला

हा सबक ज्यांनी घेतला नाही त्यांचे काय झाले, हे शेजारच्या श्रीलंकेत दिसले. कपडे, चहा, पर्यटन आणि आखातातील मजुरांचा पैसा यांवर चालणारा तो देश. २००७ पासून त्याने परदेशी बाजारात डॉलरचे रोखे विकून महाग कर्ज उभे केले. २०१९ चे बॉम्बस्फोट आणि २०२० ची महामारी यांनी पर्यटन बसले. २०२१ मध्ये डॉलरचा सरकारी दर २०० रुपयांच्या आसपास अडवून धरला गेला. बाहेरचा दर चढा होता. लोक हुंडीने पैसा पाठवू लागले आणि बँकेतून येणारी रक्कम एका वर्षात सुमारे ७ अब्जांवरून साडेपाच अब्जांवर आली. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाचे हप्ते थांबवल्याचे जाहीर केले. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, औषधे मिळेनात. मेपर्यंत डॉलर ३६० रुपयांवर गेला होता. आपल्यासारखेच टेलर, रिक्षावाले आणि छोटे दुकानदार त्या रांगांत उभे होते.

व्यापाऱ्याने काय पाहावे?

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. तुटीची बातमी आली की नुसती रक्कम पाहू नका. ती उत्पादनाच्या किती टक्के आहे आणि तेल, सोने की यंत्रे, यांपैकी कशाने वाढली, ते पाहा. यंत्रे उद्या माल देतात. तेल जळून जाते आणि सोने कपाटात पडून राहते.

दोन. वर्षाच्या आत फेडायचे कर्ज आणि परकीय चलनाचा साठा हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. पहिला दुसऱ्याच्या वर जाऊ लागला, तर रुपयाच्या घसरणीची तयारी ठेवा.

तीन. ज्यांचे देणे डॉलरमध्ये आहे, मग ते परदेशी मागाचे असो वा रसायनांचे, त्यांनी सौदा होताच बँकेत पुढील तारखेचा दर बांधून घ्यावा. त्याला थोडा खर्च येतो. पण जुलै १९९१ मध्ये हजार डॉलरमागे पडलेला पाच हजारांचा भुर्दंड आठवला, तर तो खर्च हलका वाटेल. ज्यांची विक्रीही डॉलरमध्ये आहे, त्यांना घसरणीचा फटका आपोआप कमी बसतो. ज्यांची विक्री रुपयांत आणि देणे डॉलरमध्ये, त्यांनी सर्वांत सावध राहावे.

चार. माग किंवा गाळा घेण्यासाठी साठ-नव्वद दिवसांची उधारी वापरू नका. सुताच्या उधारीने सूतच घ्यावे. ते विणून, विकून त्या मुदतीत पैसा परत येतो. मागाचा पैसा यायला वर्षे लागतात. १९९१ साली देशाची कोंडी झाली ती नेमकी याच फरकामुळे, आणि गावागावांत चांगल्या चालत्या पेढ्या बुडतात त्याही याच फरकामुळे.

आपल्या खातेवहीत आजच दोन रकाने आखा. एकात वर्षाच्या आत द्यायची रक्कम लिहा. दुसऱ्यात त्याच मुदतीत हातात येण्याची खात्री असलेली रक्कम लिहा. उधारीवर गेलेला आणि वसुलीचा भरवसा नसलेला पैसा दुसऱ्या रकान्यात धरू नका. पहिला रकाना भारी निघाला, तर नवे कर्ज घेण्यापूर्वी जुन्याची मुदत वाढवून घ्या, आणि ती बाजारात आपली पत शाबूत आहे तोवरच घ्या. पत गेल्यावर मागितलेली मुदत कोणी देत नाही. ती देशालाही मिळाली नव्हती.